पडद्यावरच्या माणसांना ऐकू येत नाही

फट्, फट्, फट्, फट्.

रीळ मध्येच तुटलं की त्याचं सुटलेलं टोक चाकाबरोबर गरगर फिरायचं आणि दर फेऱ्याला मशिनच्या पत्र्यावर असं आपटायचं. पाठोपाठ पडदा पांढराफटक पडायचा, आणि खालच्या अंधारातून आधी एक शिट्टी यायची, मग चार-दोन, मग सगळं थिएटर. आजोबांनी तो आवाज शेवटचा ऐकला त्याला एक जमाना लोटला. तेव्हा ते आजोबा नव्हते, सिनेमाच्या थिएटरात ऑपरेटर होते. थिएटर कधीच बंद पडलं. आता तिथं फर्निचरचं दुकान आहे आणि ज्या खोलीत मशिन होतं तिथं म्हणे गाद्या रचून ठेवतात. पण गल्लीतली जुनी माणसं त्यांना अजून ऑपरेटरच म्हणतात, आणि तो फट् फट् आवाजही त्यांच्या छातीतून अजून गेलेला नाही. घरात कुणी बोलता बोलता मध्येच गप्प झालं तरी ते दचकतात. हात आपोआप तुटलेलं रीळ चिकटवायची बाटली शोधायला लागतो.

मशिनच्या खोलीतून आजोबांनी तीन गोष्टी घरी आणल्या. पहिली, मशिनचं एक जुनं भिंग. मालकानं जाताना आठवण म्हणून दिलेलं, मखमलीच्या तुकड्यात गुंडाळलेलं. दुसरी, बहिरा डावा कान. मशिनच्या घरघरीनं तो कान गेला, असं त्यांनी निवृत्तीच्या सुमारास घरात जाहीर केलं होतं. तेव्हापासून आजी त्यांच्याशी बोलायचं झालं की वळसा घालून उजवीकडे येई. गॅलरीतली आपली खुर्चीसुद्धा तिनं उजवीकडे हलवली होती. तिथं सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर यायचं, पण त्याबद्दल ती कधी बोलली नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे एक खोड. ऑपरेटरच्या खोलीत माणूस एकटा असतो. समोर हातभर खिडकी, खिडकीतून दिसणारा पडदा, पडद्यावरची माणसं. तोच सिनेमा रोज रोज बघून बघून ती माणसं घरच्यासारखी होतात. आजोबा त्यांच्याशी बोलायचे. दाराआड खलनायक उभा आहे, आत जाऊ नकोस, असं नायकाला बजावायचे. (तो जायचाच. महिनाभर रोज गेला.) नायिकेला घरच्या कटकटी सांगायचे. पडद्यावरच्या माणसांइतकं शांतपणे ऐकून घेणारं दुसरं कुणी त्यांना आयुष्यात भेटलं नाही, आणि त्याचं कारणही साधं होतं. त्यांना ऐकू येत नव्हतं.

आजोबांची नात नववीत होती. तिला घरात मुंगी म्हणत. लहानपणापासून ती काहीतरी उचलून कोपऱ्यात नेऊन बसायची आणि कुणाशी बोलायची नाही म्हणून हे नाव पडलं. आता ती फोन घेऊन कोपऱ्यात बसायची. अभ्यासाच्या वेळी फोन कशाला, असं सूनबाईंना वाटायचं. त्यांनी आजोबांना लक्ष ठेवायला सांगितलं. आजोबांनी खुर्ची तिच्या मागे नेऊन ठेवली आणि लक्ष ठेवता ठेवता स्वतःच त्यात गुंतले. फोनमध्ये कुणी तरुण मास्तर फळ्यावर गणित सोडवून दाखवत होता. एकदा कळलं नाही तर मुंगी बोटानं त्याला मागे ओढायची आणि तो बिचारा न कुरकुरता पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. आजोबांच्या वेळचे मास्तर मागे ओढले जायचे नाहीत. ते मुलांना पुढे ओढायचे, कानाला धरून. त्यातच आजोबांचं शिक्षण चौथीत संपलं होतं.

एकदा फोनमधल्या मास्तरानं समोर बघून विचारलं, काय, समजलं का सगळ्यांना? आजोबांनी मागून मोठ्यानं सांगितलं, नाही बाबा, मला नाही समजलं. मुंगी कधी नव्हे ती खळखळून हसली. म्हणाली, "आजोबा, त्यांना ऐकू येत नाही. हे आधीच काढून ठेवलेलं असतं."

आजोबांना बरं वाटलं. म्हणजे जग तेवढं काही बदललं नव्हतं.

पण मुंगीच्या फोनमध्ये दुसरीही एक गोष्ट होती, ती आजोबांपर्यंत पोचली नव्हती. वर्गातल्या पाच मुलांनी मिळून एक ग्रुप केला होता. अडलेल्या गणिताचा फोटो टाकायचा, ज्याला येतं त्यानं बोलून समजवायचं. शिवाय दर रविवारी एकानं बाकीच्यांना एक धडा लाइव्ह शिकवायचा. शिकवल्यावरच आपल्याला खरं येतं, असं त्यांनी कुठंतरी पाहिलं होतं. ग्रुपमध्ये यायला वर्गातली बरीच मुलं टपून बसली होती, म्हणून नियमही केला होता. ज्याला शिकवायला जमणार नाही त्यानं जागा सोडायची. मुंगीची पाळी दोनदा येऊन गेली होती. पहिल्यांदा ती नमस्कार म्हणाली आणि थांबली. दुसऱ्यांदा तेवढंही नाही. तिसरी पाळी या रविवारची. त्यातून विज्ञानाच्या बाईंच्या कानावर हे सगळं गेलं होतं आणि त्यांनी कौतुकानं, आपणही बघायला येतो, असं कळवलं होतं. शाळेत ती कुणाशी फारशी बोलत नसे. तिच्या मैत्रिणी, मित्र, सगळं जग त्या ग्रुपमध्ये होतं. तो सुटला की ती पुन्हा एकटी.

आजोबांना यातलं एवढंच कळलं होतं, की रविवारी मुंगीची कसली तरी तोंडी परीक्षा आहे, धडा भिंगाचा आहे, आणि तिनं आपण होऊन त्यांच्याकडे भिंग मागितलं आहे. त्यांनी मखमल सोडून भिंग तिच्या हातावर ठेवलं. नंतर तिनं दार लावून सराव केला. आजोबांनी दाराला कान लावला. धड्यातलं त्यांना काही उमगलं नाही, पण आवाज मात्र सलग येत होता, मध्ये कुठं तुटत नव्हता. (कान डावा लावला होता की उजवा, हे त्यांच्याही लक्षात आलं नाही.)

रविवारी दुपारी घर शांत राहावं म्हणून सूनबाई आजीला घेऊन बाजारात गेल्या. आजोबांना गॅलरीत बसायला सांगण्यात आलं. मुंगीनं खोलीचे पडदे ओढले, टेबलावर मेणबत्ती लावली, पुढे भिंग, त्यापुढे उभा केलेला पांढरा कागद. फोन पाण्याच्या जगला टेकवून उभा केला. तिचा आवाज पलीकडे जाईल, पण पलीकडचा आवाज इकडे येणार नाही, असा तिनं तो करून ठेवला. कुणी हसलेलं ऐकू आलं की तिचं संपलंच. मग लाइव्ह सुरू केलं, समोरच्या चौकोनांकडे पाहिलं, आणि तिला पहिलं वाक्यच आठवेना. मग ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि पाण्याचा ग्लास हातात धरून ओट्याला टेकून उभी राहिली. पाणी काही ती प्यायली नाही.

गॅलरीत आजोबांना आतला आवाज येईना. बोलणं सुरूच झालं नव्हतं, पण त्यांच्या छातीत फट् फट् सुरू झालं. काय अडलं तेवढं बघून येऊ, एवढंच त्यांनी ठरवलं. पायांत चपला नव्हत्या, अंगात बनियन होता आणि वाचायचा चष्मा गॅलरीतच राहिला.

खोलीत अंधार होता. अंधारात एक दिवा, एक भिंग, पांढरा पडदा. आजोबांना एकदम घरी आल्यासारखं झालं. (घरीच होते, पण तसं झालं खरं.) मग त्यांची नजर फोनवर गेली. फोनमध्ये चौकोन होते, दर चौकोनात एक चेहरा, आणि सगळे चेहरे टक लावून समोर बघत होते. कुणी हलत नव्हतं. परगावी दिलेल्या मुलीचा व्हिडिओ कॉल त्यांना ठाऊक होता. त्यात एकच चेहरा असतो आणि तो सतत बोलत असतो. इतक्या जणांनी एका वेळी फोन करून गप्प बसायचं कारण नव्हतं. तेव्हा हे मुंगीचं ते आधीच काढून ठेवलेलं असणार, आणि ते अडकलेलं दिसत होतं.

त्यांनी फोनला हलकेच टिचकी मारली. मग काचेवर फुंकर घातली. मग चित्र कुठल्या भोकातून येतं ते बघायला इतके जवळ गेले की पलीकडच्या पाचही जणांना ऑपरेटरच्या उजव्या नाकपुडीचं आतून दर्शन झालं. त्याबरोबर एक गुबगुबीत मुलगा हलला, तोंडावर हात दाबून खाली वाकला.

"हां, चाललं," आजोबा म्हणाले आणि मुंगीच्या खुर्चीवर बसले.

आता चित्र चालू झाल्यावर त्यांच्यानं गप्प बसवेना. ते जुन्या सवयीनं एकेकाला बघू लागले. गुबगुबीत मुलाचं काम त्यांना पसंत पडलं. असा एक विनोदी मुलगा कथेत हवाच, असं त्यांनी त्याला सांगितलं. मधल्या चौकोनात एक बाई होत्या, ताठ बसलेल्या. कडू औषध घेऊन वर पाणी न मिळाल्यासारखा चेहरा का केलाय, असं त्यांना विचारलं. आणि खालच्या कोपऱ्यात एक म्हातारा होता, बनियनवर बसलेला, केस उभे. चष्म्याशिवाय नीट दिसत नव्हतं, पण ह्याला कुठंतरी पाहिलं होतं. जुन्या सिनेमांत नोकराची कामं करायचा तोच असावा. आजोबांनी मान खाजवली. म्हाताऱ्यानंही खाजवली. वेळ बरोबर साधतो, पण जरा जास्तच करतो, असं त्यांचं मत पडलं आणि ते त्यांनी बोलून दाखवलं. गुबगुबीत मुलगा चौकोनातून नाहीसा झाला. बहुधा खुर्चीवरून पडला.

मग आजोबा गंभीर झाले. इतक्या वर्षांनी ऐकून घेणारं कुणी समोर आलं होतं.

"माझ्या नातीला सगळं येतं," त्यांनी पडद्यावरच्या बाईंना सांगितलं. "दाराआडून मी ऐकलंय. पण माणसं समोर आली की तिचं रीळ तुटतं. तुटू दे. तुटलेलं जोडता येतं, जरा वेळ द्यावा लागतो. खालून शिट्ट्या आल्या की मात्र हात थरथरतो आणि जोड वाकडा बसतो. तुम्ही खरी माणसं असता ना, तर तुमच्या पाया पडून म्हटलं असतं, शिट्टी तेवढी मारू नका."

बाई मघाशी हलत नव्हत्या. आता त्यांनी चष्मा काढून पुसला. काम बरं करते ही, असं आजोबांना वाटलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणून त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली.

"तुम्हाला म्हणून सांगतो, हा डावा कान माझा ठणठणीत आहे. बायकोला सांगितलंय गेला म्हणून. भांडणाच्या वेळी तेवढाच अर्धा आराम."

स्वयंपाकघरात ग्लास घेऊन उभ्या असलेल्या मुंगीला हे काही ऐकू गेलं नाही. एवढंच कळलं की आजोबा नेहमीसारखे एकटे बोलतायत. फोन चालूच राहिलाय, हे तिच्या घाबरलेल्या डोक्यातून पार निघून गेलं होतं. पुढचं वाक्य मात्र तिच्या कानावर पडलं, कारण आजोबांनी कागदावर मेणबत्तीची ज्योत उलटी पडलेली पाहिली आणि मोठ्यानं व्याख्यान सुरू केलं.

रीळ मशिनमध्ये उलटं लावायचं असतं, डोकं खाली, पाय वर, हे त्यांच्या वस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. एकदा चुकून सरळ लावलं तर नायक छताला लटकून प्रेमाच्या गोष्टी करू लागला. असं का होतं ते वस्तादांनी सांगितलं नाही, पण आजोबांनी स्वतःच्या अकलेनं शोधून काढलं होतं. दिवा असतो गरम. गरम झालेली वस्तू वर जाते. पाय दिव्याच्या आचेनं तापतात, हलके होतात आणि वर जातात. डोकं मुळातच जड, ते खाली राहतं. म्हणून चित्र उलटं.

मुंगी पाण्याचा ग्लास घेऊनच आत आली.

"आजोबा, असं नसतं."

"असंच असतं. आयुष्य गेलंय माझं त्यात."

"उष्णतेचा काही संबंध नाही त्यात." तिनं ग्लास टेबलावर आपटला. "ज्योतीच्या वरच्या टोकातून निघालेला किरण भिंगातून जाताना वाकतो आणि कागदावर खाली पोचतो. खालून निघालेला वर पोचतो. मध्ये दोघं एकमेकांना ओलांडतात. म्हणून उलटं. इथं बोट धरा. दिसलं?"

आजोबांना दिसलं, पण पटलं नाही. जन्मभर सांभाळलेली अक्कल अशी एका दुपारी कशी सोडणार? त्यांनी विचारलं, मग मेणबत्ती गरम का लागते? मुंगीनं फुंकर मारून मेणबत्ती विझवली, खिडकीचा पडदा बाजूला सारला आणि भिंग खिडकीसमोर धरलं. कागदावर समोरची इमारत उलटी उभी राहिली, रंगांसकट. दोरीवरचे कपडे वरच्या बाजूला लोंबत होते. पलीकडच्या गॅलरीतलं मांजर आभाळाला चिकटून झोपलं होतं.

"आता सांगा, ते मांजर काय दिव्यानं तापलंय?"

आजोबा म्हणाले, उन्हानं तापलं असेल. मुंगीनं कपाळाला हात लावला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, न कुरकुरता नव्हे, चांगली कुरकुरत. कागदावर रेघा ओढल्या. भिंग पुढे-मागे करून चित्र कुठं स्पष्ट होतं, कुठं पुसट होतं, ते दाखवलं. आजोबा एकेक शंका काढत गेले आणि ती एकेक मोडून काढत गेली. तिचा आवाज चढत होता, हात नाचत होते, आणि रीळ कुठं म्हणता कुठं तुटत नव्हतं.

आजोबांचं एक लक्ष फोनकडे होतं. तिथली सगळी मुलं आता खाली माना घालून लिहीत होती. त्या बाई मात्र तोंड हलवत होत्या आणि आवाज येत नव्हता. पडद्यावर तोंड हलतंय आणि आवाज नाही, हे ऑपरेटरच्यानं सहन होईना. त्यांनी फोनच्या कडेचं बटण चाचपलं आणि दाबून धरलं.

"आजोबा," पडद्यावरच्या बाई म्हणाल्या, "जरा बाजूला सरकता का? तिचा कागद झाकला जातोय."

आयुष्यात पहिल्यांदा पडद्यावरच्या माणसानं आजोबांना उत्तर दिलं होतं. ते बाजूला सरकले. कोपऱ्यातला तो नोकराची कामं करणारा म्हाताराही बाजूला सरकला. आजोबांनी हात वर केला, त्यानंही केला. मग आजोबांनी तोच हात सावकाश खाली आणून बनियनवरच्या भोकावर ठेवला.

मुंगीच्या हातातलं भिंग तसंच राहिलं. खोलीत पडदा पांढरा पडल्यासारखी शांतता झाली, आणि आजोबा शिट्टीची वाट बघत उभे राहिले.

शिट्टी आली नाही. पलीकडे कुणी खोकलंसुद्धा नाही. बाई वाट बघत होत्या. जरा वेळानं त्यांनी हळूच विचारलं, भिंग अर्धं झाकलं तर चित्र अर्धं दिसेल का गं? मुंगीनं फोनकडे पाहिलं, मग आजोबांकडे. आणि आजोबांकडे बघतच म्हणाली, "नाही बाई. पूर्णच दिसेल. उजेड कमी होईल फक्त." हातानं अर्धं भिंग झाकून तिनं ते दाखवलंही.

त्यानंतर पलीकडे एकच गलका झाला. ग्रुपमधली मुंगीची जागा पक्की झाली, ते कुणी वेगळं सांगायची गरजच पडली नाही. गुबगुबीत मुलगा खुर्चीवर परतला होता. त्यानं सुचवलं की आजोबांनी दर रविवारी यावं. सगळ्यांच्या मनातल्या शंका तेच विचारतात आणि त्यांना समजेपर्यंत बाकीच्यांना समजलेलं असतं. बाईंनी निरोप घेताना एवढंच सांगितलं की त्यांनी दुपारी खरोखरच औषध घेतलं होतं, आणि वर पाणी प्यायचं राहून गेलं होतं.

मुंगीनं फोन बंद केला, दोनदा तपासून पाहिला, आणि भिंग मखमलीत गुंडाळलं. ते परत देताना तिनं कपाळ आजोबांच्या दंडावर क्षणभर टेकवलं. ओरडायचं होतं ते राहूनच गेलं.

संध्याकाळी आजोबा गॅलरीत बसले होते. अंगात इस्त्रीचा सदरा होता (रविवार संपत आला होता, पण आता कशाचा भरवसा नव्हता). बाजारातून आलेल्या सूनबाईंना मुंगीनं सगळं सांगितलं होतं, आणि धडा ग्रुपवर जसाच्या तसा साठवलेला असतो हेही सांगितलं होतं. आतून आजोबांना स्वतःचाच आवाज ऐकू येत होता. सूनबाई हसत होत्या. आजीही हसत होती. तुटलेलं जोडता येतं, हे वाक्य आलं तेव्हा कुणीतरी नाक ओढलं. आजोबांना भरून आलं. त्यापुढे आपण काय बोललो होतो, हे त्यांना आठवत नव्हतं. आतलं हसणं एकदम थांबलं तेही त्यांच्या लक्षात आलं नाही. पुढच्या रविवारी कोणत्या शंका काढायच्या, त्याचा ते विचार करत होते.

आजी पदराला हात पुसत गॅलरीत आली. आपली खुर्ची तिनं उचलली, त्यांच्या मागून नेली आणि पलीकडे ठेवून बसली. रस्त्याकडे बघत, ओठ जेमतेम हलवत, ती पुटपुटली, "चहा टाकू का तुमच्यासाठी?"

"टाक की," आजोबा तंद्रीतच म्हणाले. "साखर जरा बेतानं."

फट्, फट्, फट्, फट्.

आजोबांनी सावकाश मान वळवली. डावीकडे. आजी त्यांच्याकडे बघत होती, पडद्यावरच्या माणसासारखी शांत. मग ती उठली, आणि स्वयंपाकघराच्या दारावरून सरळ पुढे, आतल्या खोलीत निघून गेली.